लहान व्यासाच्या रायफलीची नळी : सफाईची साधने आणि पद्धती

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल (तीन स्थिती) या स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी या गावच्या स्वप्निल कुसाळे यांनी ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकावले. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले होते. त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्रातील खेळाडूच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्यूनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या होत्या, आणि मुंबईत एन. सी. सी. मधून नेमबाजीकडे वळलेल्या अंजली भागवत यांनी या खेळाला मराठी घराघरांत पोहोचवले होते. या तिघांच्याही हातांतील स्पर्धेचे हत्यार एकाच जातीचे : ०.२२ इंच, म्हणजे सुमारे ५.६ मिलिमीटर व्यासाची नळी असलेली रायफल. या नळीची निगा कशी राखावी, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे.

प्रथम या नळीकडून किती अचूकतेची अपेक्षा असते ते पाहू. ५० मीटर अंतरावरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. गोळीची कड वर्तुळाला नुसती स्पर्शून गेली तरी दहा गुण मिळतात, हे जमेस धरले तरी गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून आठ मिलिमीटरांहून अधिक दूर जाता कामा नये. म्हणजेच दर मीटरमागे सुमारे ०.१६ मिलिमीटर एवढीच चूक क्षम्य आहे. नेमबाजाचा श्वास, नाडी आणि वारा यांनीच ही शिल्लक बहुतेक संपून जाते. नळीच्या दोषासाठी त्यात जागा उरत नाही.

नळीच्या आतल्या पृष्ठभागावर मळसूत्री खाचा कोरलेल्या असतात. ०.२२ च्या रायफलीत त्या सामान्यतः १६ इंचांत एक पूर्ण फेरा घेतात. या खाचांमुळे गोळीला स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते; सेकंदाला ३३० मीटर वेगाने निघालेली गोळी सेकंदाला सुमारे ८०० वेळा स्वतःभोवती फिरत असते. या फिरण्यामुळेच ती हवेतून सरळ जाते. खाचांच्या कडा आणि नळीच्या तोंडाची गोल किनार अबाधित राहणे हे म्हणूनच अत्यंत महत्त्वाचे होय.

आता नळी मळते कशाने, याचा विचार करू. ०.२२ च्या काडतुसातील गोळी मऊ शिशाची असून तिचे वजन साधारणतः अडीच ग्रॅमच्या आसपास असते. तिच्यावर मेणाचा किंवा चरबीयुक्त वंगणाचा पातळ थर दिलेला असतो. बार उडाल्यावर नळीत चार गोष्टी मागे राहतात : दारूच्या ज्वलनाचा काळा मळ, वंगणाचा थर, शिशाचे अंश, आणि आघाताने पेट घेणाऱ्या मिश्रणाची राख. यांपैकी वंगणाचा पातळ थर उपद्रवी नसून उपकारकच असतो. पुढच्या गोळीचे शिसे नळीला चिकटू न देण्याचे काम तो करतो. खरा उपद्रव होतो तो काडतूस बसते त्या कक्षाच्या पुढच्या टोकाशी. तेथे ज्वलनाचा मळ थरावर थर साचून कडक कडे बनते, आणि प्रत्येक गोळी त्या कड्याला घासून पुढे जाऊ लागते.

मोठ्या रायफलींच्या बाबतीत परिस्थिती निराळी असते. ०.३०३ च्या रायफलीची गोळी तांबेमिश्रित धातूच्या आवरणात असते, तिचा वेग दुपटीहून अधिक असतो, आणि नळीत तांब्याचा थर बसतो. आपल्याकडील पुष्कळांचे रायफल-सफाईचे प्राथमिक शिक्षण लष्कराच्या किंवा एन. सी. सी. च्या परंपरेतून झालेले असते. ती परंपरा मूळची ०.३०३ च्या रायफलीसाठी घडलेली आहे. तिच्यातील काही नियम लहान नळीला लागू पडतात, काही अनावश्यक ठरतात, तर काही अपायकारक होतात. ही निवड डोळसपणे केली पाहिजे.

उदाहरणार्थ, गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतण्याची जुनी चाल घ्या. पूर्वी काडतुसाच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. त्याच्या ज्वलनातून पोटॅशियम क्लोराइड हा क्षार नळीत उरे. मिठाप्रमाणेच हा क्षार हवेतील ओलावा ओढून घेतो आणि त्याखाली पोलाद गंजू लागते. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून नुसते तेल लावलेली नळी वरून चकचकीत दिसे आणि आतून गंजत जाई. उकळते पाणी क्षार धुऊन काढी व तापलेली नळी लवकर कोरडी होई. चाल शहाणपणाचीच होती. परंतु १९२० नंतरच्या दशकात क्लोरेटविरहित प्रायमर प्रचारात आले, आणि आज स्पर्धेसाठी मिळणाऱ्या ०.२२ च्या काडतुसांत हा क्षार उरत नाही. कारण नाहीसे झाल्यावर उपाय चालू ठेवणे म्हणजे नळीत विनाकारण पाणी शिरू देणे होय.

याहून गंभीर गोष्ट अशी की, मऊ शिशाच्या गोळीने या नळीची झीज अतिशय सावकाश होते; हजारो गोळ्या झाडूनही चांगली नळी अचूक राहते. तिचे आयुष्य घटते ते बहुधा चुकीच्या सफाईने. रायफल निकामी झाली तर दोष गोळ्यांच्या संख्येला देण्याआधी सफाईची सळई तपासावी.

सळई ही या साधनांतील सर्वांत महत्त्वाची वस्तू. बाजारात तीन तुकडे जोडून होणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सळया स्वस्त मिळतात व पेटीत मावतात. परंतु त्यांच्या सांध्यांच्या कडा किंचित पुढे आलेल्या असतात आणि त्या खाचांना घासतात. शिवाय मऊ ॲल्युमिनियममध्ये धुळीचे कठीण कण रुतून बसतात. अशी सळई मग कानशीसारखे काम करते. म्हणून अखंड सळई घ्यावी, मग ती गुळगुळीत पोलादाची असो वा वरून प्लास्टिकचा थर दिलेली असो. तिचा व्यास नळीला साजेसा असावा, कारण फार बारीक सळई वाकून मध्यभागी नळीला टेकते. तिची मूठ स्वतंत्रपणे फिरणारी असावी, म्हणजे चिंधी खाचांच्या वळणाने आपोआप फिरत जाते. प्रत्येक वापरापूर्वी सळई पुसून घ्यावी.

दुसरे साधन म्हणजे पुलथ्रू : एका टोकाला पितळी वजन आणि दुसऱ्या टोकाला चिंधीसाठी फास असलेली दोरी. ली-एनफील्ड रायफलीच्या दस्त्यातील खणात तेलाच्या कुपीबरोबर ती ठेवलेली असे. रणांगणावर तिला पर्याय नव्हता. तथापि दोरी तिरपी ओढली की नळीच्या तोंडाशी घासते, आणि दोरीवरच्या धुळीमुळे कालांतराने तेथे चर पडतो. किनार एका बाजूने झिजली की गोळी बाहेर पडताना मागचा वायू त्या बाजूने आधी निसटतो व गोळीला किंचित कलंडवतो. ज्या रायफलींत मागील बाजूने सळई घालता येत नाही, त्यांच्यासाठी मात्र स्वच्छ व नळीच्या सरळ रेषेत ओढलेली दोरी सळईपेक्षा सुरक्षित ठरते.

तिसरे साधन ब्रश. पोलादी तारांचा ब्रश लहान नळीत कदापि घालू नये. ब्राँझचा ब्रश शिसे व कडक मळ खरवडतो. नायलॉनचा ब्रश द्रावण पसरवण्यापुरता उपयोगी असतो. चिंधीसाठी जुनी, धुतलेली फलालीन किंवा मऊ सुती कापड उत्तम. चिंधीऐवजी नमद्याच्या छोट्या गोळ्याही मिळतात. त्या नळीत सर्व बाजूंनी सारख्या दाबाने बसतात. द्रावण निवडताना अमोनियायुक्त द्रावणांवर पैसे खर्च करू नयेत. ती तांबे काढण्यासाठी असतात आणि येथे तांबे नाहीच. ज्वलनाचा मळ सैल करणारे साधे द्रावण आणि पातळ खनिज तेल एवढे पुरे.

आता प्रत्यक्ष क्रम. सर्वप्रथम रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करावी, बोल्ट काढून बाजूला ठेवावा आणि काडतुसे त्या खोलीतच ठेवू नयेत. दुसऱ्याने तपासली आहे, हे उत्तर येथे ग्राह्य नाही. रायफल अशी आडवी बसवावी की नळीचे तोंड किंचित खाली राहील. म्हणजे द्रावण चापाच्या यंत्रणेत उतरणार नाही. मागील बाजूने सळईला सरळ रेषेत धरणारी मार्गदर्शक नळी बसवावी. द्रावणाने ओली केलेली चिंधी मागून पुढे ढकलावी, तोंडातून बाहेर येताच काढून टाकावी आणि सळई मोकळी परत घ्यावी. मळलेली चिंधी मागे ओढू नये. काही मिनिटे थांबून कोरड्या चिंध्या एकामागून एक घालाव्यात. त्या जवळजवळ स्वच्छ निघू लागल्या की काम झाले. कक्षाच्या टोकाशी कडे साचले असेल तरच ब्राँझचा ब्रश घ्यावा. तोही पूर्ण पार जाऊ द्यावा, कारण मध्येच दिशा बदलल्यास त्याच्या तारा मुडपतात. पार गेल्यावर तो सळईवरून सोडवून मगच सळई मागे घ्यावी. शेवटी कक्ष व बोल्टचा पुढचा भाग पुसावा. बोल्ट बसवल्यावर रिकाम्या रायफलीचा चाप उगाच ओढू नये, ०.२२ मध्ये टाचणीचा घाव काडतुसाच्या कडेवर पडतो, आणि काडतूस नसेल तर तो कक्षाच्या किनारीवर बसण्याचा संभव असतो. काम आटोपल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण चिंध्यांवर शिसे असते.

सफाई किती वेळा करावी, याचे एकच उत्तर देता येणार नाही. अगदी स्वच्छ नळीतून सुटलेल्या पहिल्या काही गोळ्या विखुरतात. वंगणाचा थर पुन्हा बसल्यावर त्या एकत्र येतात. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी आरशासारखी लख्ख करून दुसऱ्या दिवशी सरावाच्या गोळ्या न झाडता उभे राहणे हे धोक्याचे. आपल्या रायफलीची वही ठेवावी : किती गोळ्या झाडल्या, कधी साफ केली, त्यानंतर कितव्या गोळीपासून गट जमला. काही महिन्यांत ती वहीच उत्तर देते.

हवामानाचाही विचार हवा. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळूरच्या मारतहळ्ळी भागात, मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि राधानगरीच्या पावसाळ्यात एकच वेळापत्रक चालणार नाही. दमट दिवसांत रायफल बंद पेटीतील ओलसर फोममध्ये ठेवू नये. नळीला तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, आणि वापरापूर्वी ते तेल कोरड्या चिंधीने पूर्णपणे काढावे.

शाळा-महाविद्यालयांच्या तुकड्यांत एकाच रायफलीवर अनेक विद्यार्थी शिकतात. तेथे सफाई हे पुष्कळदा शेवटी उरकण्याचे, किंवा शिक्षा म्हणून दिलेले काम असते, आणि जो तो आपला जोर नळीवर दाखवतो. त्या रायफलीवर पुढच्या वर्षी येणारा मुलगा चुकलेल्या गोळीचा दोष स्वतःच्या हाताला देईल. नळीच्या तोंडाशी पडलेला चर त्याला दिसणार नाही. त्याच्यावर हा अन्याय होऊ नये, यासाठी सफाईचे काम सर्वांत जाणत्या हाताकडे सोपवावे, आणि नवख्याला ते त्याच्याशेजारी बसवून शिकवावे.