पट्ट्याचं दुसरं टोक

आमचा कुत्रा खंडू मुंबईत यारी रोडच्या गटाराशेजारी सापडला, त्याला नऊ वर्षं झाली. त्याच्यापायी जे शिकलो, ते जसं आठवतंय तसं लिहितो.

१. "आमचा काही करत नाही हो!" वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कुत्रा मोकळा सोडणारा प्रत्येक जण हे म्हणतो. मीही म्हणायचो. एका जानेवारीत सकाळी पट्ट्याची दोरी सोडली आणि खंडू थेट कोळीवाड्याच्या वलांडीकडे सुटला. तिथे ओले बोंबील जोडीजोडीने, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून, दोरीवर सुकायला टांगलेले असतात. त्याने खालच्या दोरीवरची एक जोडी ओढली, दोरी लवली आणि दहा-बारा जोड्या वाळूत. बोंबील सुकवणाऱ्या मावशी ओरडल्या नाहीत. "पट्टा हाय त्याच्या गल्यात. दुसरं टोक कुनाच्या हातात हाय?" एवढंच विचारलं. मी पैसे पुढे केले. त्यांनी ते मोजून घेतले आणि वर बोंबील धुऊन मलाच पुन्हा टांगायला लावले. बोंबलाचे दात बारीक असतात, पण बोटात चांगले रुततात. पाऊण तास गेला. खंडू शेजारी बसून बघत होता.

२. मुंबईत कुत्रा पाळायला पालिकेचा परवाना लागतो, तोही १८८८ च्या महापालिका कायद्याखाली. मला चार वर्षं पत्ताच नव्हता. रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं आणि परवान्याचं दरवर्षी नूतनीकरण. त्या निमित्ताने लस चुकत नाही, हा त्यातला खरा फायदा.

३. रस्त्यावरच्या कुत्र्यांवरून आमच्या सोसायटीत दोन तट आहेत. एकाला त्यांना हाकलायचंय, दुसऱ्याला जिन्यात दूधभात ठेवायचाय. नियम दोघांनाही आवडत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लस झालेला कुत्रा मूळ जागी परत सोडायचा. त्याचा कान कापलेला दिसतो, ती खूण. खायला घालायची जागा मात्र ठरलेली हवी, जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याची जागा सोडून. एकदा मीटिंग मध्यरात्रीपर्यंत चालली, तेव्हा मला १८३२ आठवलं. कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध त्या जूनमध्ये मुंबईतले पारशी रस्त्यावर उतरले आणि शहर बंद पडलं होतं. आमच्याकडे निदान चहा तरी मिळाला.

४. चावल्यावर "घरचाच आहे, लस दिलीय" म्हणून थांबू नये. खंडूने आमच्या वॉचमनच्या पोटरीला दात लावले. दोष माझा, लिफ्टचं दार उघडताना दोरी ढिली होती. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली. (पंधरा मिनिटं किती लांब असतात, ते तेव्हा कळलं.) हळद नाही, चुना नाही, मिरची तर नाहीच. मग पालिकेच्या दवाखान्यात इंजेक्शनं : पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. प्रत्येक वेळी मी बरोबर गेलो. जनावर सांभाळण्यात हयगय केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वॉचमनने तक्रार केली नाही. "साहेब, कुत्र्याला काय कळतं," म्हणाला. 'साहेबा'वर त्याने जरा जास्तच जोर दिला.

५. दिवाळीत पट्ट्यावर फोन नंबर लिहावा. फटाक्याला घाबरून पळालेला कुत्रा ओळखीचा रस्ताही विसरतो.

६. मार्च २०१८ मध्ये वर्सोव्याच्या याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. किनाऱ्याची सफाई फळाला आल्याचा आनंद होता, पण स्वयंसेवकांना पिल्लांवर पहारा द्यावा लागला, तो भटक्या कुत्र्यांपासून. तळहातावर मावेल एवढं पिल्लू. आमच्या खंडूलाही ते खेळणंच वाटलं असतं. तेव्हापासून भरती असो की ओहोटी, वाळूवर दोरी सोडत नाही.

वलांडीवरून जाताना मावशी अजून दिसतात. त्या आधी माझ्या हाताकडे बघतात, मग खंडूकडे. मागच्या आठवड्यात त्याच्यासाठी बोंबलाची दोन डोकी कागदात बांधून दिली. "तुला नाय, त्याला," म्हणाल्या.