‘लय इचार करते ती’

दोन वर्षांपूर्वी आमच्या आत्याची झोप उडाली. आवणीच्या दिवसांतही ती पडवीत नुसती बसून राही. अंग दुखते, छातीत धडधडते, एवढेच सांगे. भगताकडे कोंबडे गेले, दवाखान्यातून अंगदुखीच्या गोळ्या आल्या. शेजारणी म्हणत, “लय इचार करते ती.” आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यातून विषय मानसशास्त्र! वडिलांनी विचारले, “तुझ्या पुस्तकात काय लिवलंय?” मला सांगता आले नाही. नैराश्याची व्याख्या पाठ होती. पण तिच्यात आत्या कोठे दिसत नव्हती.

ती मला दिसली एका दूरच्या हकिगतीत. मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल मनोविकारशास्त्राचे शिक्षण इंग्लंडमध्ये घेऊन १९९३ साली झिंबाब्वेच्या राजधानीत, हरारे येथे गेले. तेथील वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकवीत व संशोधन करीत. डोकेदुखी, थकवा, निद्रानाश घेऊन येणारे रुग्ण आपल्या दुखण्याला शोना भाषेतील एक शब्द वापरीत : ‘कुफुंगीसीसा’. अर्थ, फार विचार करणे! या शब्दाचा नैराश्य व चिंता या विकारांशी निकटचा संबंध आहे, असे त्यांच्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे आमच्या शेजारणींचे निदान अगदीच चुकीचे नव्हते.

पुढे डॉ. पटेल यांनी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था काढली. मनोविकारतज्ज्ञ थोडे, रुग्ण फार. तेव्हा डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांनाच समुपदेशनाचे शिक्षण द्यावे, औषधे आरोग्यकेंद्रातील डॉक्टरांनी द्यावीत व अवघड रुग्ण तज्ज्ञाने पाहावा, अशी योजना २४ केंद्रांत आखली गेली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. खासगी दवाखान्यांत विशेष फरक पडला नाही. परंतु सरकारी केंद्रांत या योजनेतील ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी बरे झालेले आढळले. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते.

हे वाचून दिवाळीच्या सुट्टीत मी आत्याजवळ बसले. “आत्या, कसला गं इचार करतेस?” एवढेच विचारले. ती पुष्कळ वेळ बोलली. जीव नकोसा होतो, असेही म्हणाली. तेव्हा मात्र मी घाबरले. ऐकून घेणे माझे काम होते, उपचार करणे नव्हे.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. पण आमच्याकडे त्याचे नाव शिवीसारखे घेतात. तरीही वडील तिला एस.टी.ने तेथे घेऊन गेले. औषधे अजून चालू आहेत. यंदा आवणीला ती अर्धा दिवस शेतात उतरली.

मित्रमैत्रिणींनो, २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची मोफत सेवा रात्रंदिवस मिळते. तो क्रमांक वहीत जरूर लिहून ठेवा. पण त्याआधी आपल्या घरात कोण ‘लय इचार’ करते आहे, ते पाहा. आणि जवळ बसून विचारा.