आधी ताळा, मग रद्दी
संगणकातील हिशेब हलवताना घ्यावयाची दक्षता

वहीखात्याची सवय असलेल्या व्यापाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. वर्ष संपले की जुन्या खतावणीतील बाक्या नव्या खतावणीत ओढायच्या, दोन्हींचा ताळा पाहायचा, आणि तो जमला तरी जुनी वही फेकायची नाही. फडक्यात बांधून माळ्यावर ठेवायची. हाच व्यापारी संगणकासमोर बसला की हिशेबाचे अख्खे फोल्डर उचलून दुसरीकडे टाकतो आणि जुनी जागा लगेच साफ करतो. पुष्कळशा फायली येथेच हरवतात.

यात नुकसान केवळ आपलेच होते असे नाही. वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. शिवाय त्याच फायलीत कारागिरांची थकलेली मजुरी आणि गिऱ्हाइकांनी दिलेली आगाऊ रक्कमही लिहिलेली असते. ती नोंद पुसली गेली तर दुसऱ्याचा हक्क बुडतो. म्हणून हा विषय आपण नीट समजून घेऊ.

मोठ्या कंपनीचीही चूक

२ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची १८०९ ही सुधारित आवृत्ती देण्यास सुरुवात केली. ती बसवल्यावर आपली कागदपत्रे व छायाचित्रे नाहीशी झाल्याच्या तक्रारी काही लोकांनी केल्या. कंपनीने थोड्याच दिवसांत वितरण थांबवले आणि दुरुस्ती करून १३ नोव्हेंबर २०१८ रोजी ते पुन्हा सुरू केले. कंपनीच्या म्हणण्यानुसार तक्रारींचे प्रमाण दहा हजारांत एक इतके होते.

कारण आपल्या कामाचे आहे. काही लोकांनी 'डॉक्युमेंट्स'सारख्या फोल्डरची जागा बदलून ती दुसऱ्या ड्राइव्हवर नेली होती. नव्या जागेवरील फायली सुरक्षित राहिल्या. परंतु जुन्या जागेवर त्याच नावाचे फोल्डर उरले होते आणि कित्येकांच्या काही फायली अजून त्यातच होत्या. हे रिकामे, जादा फोल्डर आहे असे समजून नव्या आवृत्तीने ते पुसून टाकले. थोडक्यात, जुनी वही उघडून न पाहताच रद्दीत गेली.

'हलवणे' म्हणजे काय?

एकाच ड्राइव्हवर फोल्डर हलवले तर संगणक मजकूर जागचा हलवत नाही, फक्त यादीतील पत्ता बदलतो. सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर हलवले तर मात्र दोन कामे होतात : आधी नक्कल उतरते, मग मूळ पुसले जाते. मध्येच वीज गेली किंवा पेनड्राइव्ह उपसला, तर काही फायली इकडे, काही तिकडे आणि एखादी अर्धवट अशी स्थिती होऊ शकते.

फायली कोठे हरवतात?

१. एकाच नावाच्या दोन फायली : नव्या जागी 'उधारी' नावाची फाईल आधीच असेल तर संगणक विचारतो, बदलू का? घाईने होकार दिला की तेथील फाईल जाते आणि ती रिसायकल बिनमध्येही सापडत नाही.

२. पेनड्राइव्हवरून पुसणे : रिसायकल बिनची सोय विंडोज ९५ पासून आहे, पण पेनड्राइव्हवरून पुसलेली फाईल सहसा तेथे जात नाही. शिफ्टचे बटण दाबून पुसलेली फाईलही जात नाही.

३. शॉर्टकट : पडद्यावरील चित्राच्या कोपऱ्यात बाण असेल तर ती केवळ पत्त्याची चिठ्ठी असते. चिठ्ठीची नक्कल घेऊन मूळ फोल्डर पुसले तर हाती चिठ्ठीच उरते.

४. आकड्यांचे फोल्डर : टॅलीमध्ये पेढीची माहिती केवळ आकडा हेच नाव असलेल्या फोल्डरात राहते. साफसफाई करणाऱ्या मुलाला ते निरुपयोगी वाटू शकते.

५. इंटरनेटवरील साठा : वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरातून फाईल पुसली की ती तिकडूनही पुसली जाते. वैयक्तिक खात्यात ती तेथील कचरापेटीत साधारण ३० दिवस राहते. एकीकडे पुसले की दुसरीकडेही पुसले जाते, म्हणून अशा साठ्याला वेगळी प्रत मानू नये.

योग्य रीत

'कट' करू नका, 'कॉपी' करा. नक्कल पूर्ण झाल्यावर दोन्ही फोल्डरांवर माऊसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' पाहा. फायलींची संख्या व आकार जुळला पाहिजे. मग नव्या जागेवरील चार-दोन फायली उघडून पाहा आणि हिशेबाची प्रणाली नव्या जागेवरून चालते याची खात्री करा. जुन्या फोल्डराला 'जुने' असे नाव देऊन महिनाभर, निदान एक विवरणपत्र भरून होईपर्यंत, तसेच राहू द्या. पुसण्याचे काम त्यानंतर, आणि तेही मालकानेच करावे.

महत्त्वाच्या हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात : दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांपैकी एक दुकानाबाहेर. दुकानाला आग लागली तर त्याच टेबलाच्या खणातील पेनड्राइव्ह उपयोगाचा नाही.

फाईल गेलीच तर

प्रथम कंट्रोल व झेड ही बटणे एकत्र दाबून पाहा. मग नावाने शोध घ्या. माऊस निसटल्याने फोल्डर शेजारच्या फोल्डरात गेलेले असू शकते. त्यानंतर रिसायकल बिन पाहा. तेथेही नसेल तर त्या संगणकावर काम ताबडतोब थांबवा. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर पुसलेला मजकूर नवे काही लिहिले जाईपर्यंत शिल्लक असतो आणि जाणकार तो काढू शकतो. मात्र काढलेल्या फायली दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवाव्यात. नव्या एसएसडीमध्ये पुसलेली जागा लवकर साफ होते, म्हणून तेथे आशा कमी असते.

आमचे सांगणे इतकेच की यंत्र नवे असले तरी रीत आपल्या वडीलधाऱ्यांचीच ठेवावी. बाकी ओढावी, ताळा पाहावा आणि जुनी वही माळ्यावर ठेवावी. आज दुकान बंद करण्यापूर्वी हिशेबाच्या फोल्डराची एक नक्कल घ्या आणि ती उघडते का, हे पाहूनच कुलूप लावा.