गाडीतील तेलाची पातळी : कोणती नोंद खरी मानावी?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास बँक जुळवणी पत्रक शिकविताना पहिली गोष्ट सांगितली जाते ती अशी, की रोकडवहीतील शिल्लक आणि पासबुकातील शिल्लक एकाच दिवशी भिन्न दिसली म्हणून त्यांपैकी एक खोटी ठरत नाही. एखादा धनादेश अद्याप वटावयाचा असतो, इतकेच. जुन्या मोटारीच्या इंजिनातील तेल मोजताना नेमका हाच घोळ होतो. सकाळी पातळी एक, पेट्रोल पंपावर दुसरी, गॅरेजमध्ये तिसरी. मालक गोंधळतो आणि हाताशी असलेला सोपा उपाय करतो, म्हणजे तेल ओततो.

इंजिन चालू असताना तळाच्या चेंबरमधील तेल पंपाद्वारे वर चढविले जाते आणि क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह अशा सर्व फिरत्या भागांवर खेळत राहते. इंजिन बंद करताच ते सारे तेल क्षणार्धात खाली येत नाही. त्यामुळे गाडी थांबवून लगेच पट्टी ओढली, तर पातळी कमीच दिसणार, कारण काही तेल अजून वाटेत असते. पाच-दहा मिनिटे थांबल्यास बहुतांश तेल खाली उतरते. तेल बदलल्यानंतरही असेच घडते. नवा फिल्टर रिकामा असतो. इंजिन प्रथम चालविले की तो भरतो आणि पातळी खाली जाते. तेव्हा पहिली नोंद धरू नये.

तापमानाचाही परिणाम होतो, परंतु लोक समजतात तितका नाही. तेल एका अंशाला साधारणपणे ०.०७ टक्का प्रसरण पावते. तीन लिटर तेल २० अंशांवरून ९० अंशांवर गेले, तर ही वाढ सुमारे १५० मिलिलिटर भरते. पट्टीवरील किमान व कमाल या खुणांमधील अंतर पुष्कळ मोटारींत एक लिटरच्या आसपास असते, लहान इंजिनांत त्याहूनही कमी. म्हणजे फरक दिसेल, परंतु पट्टीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाण्याइतका नव्हे. तेवढा फरक दिसत असेल तर कारण अन्यत्र शोधावे.

भोपाळ येथील आमच्या शाखेत एक सेवानिवृत्त मराठी ग्राहक नेहमी येतात. त्यांची मारुती ८०० ही कार्ब्युरेटर असलेली जुनी गाडी. नोंदणीचे नूतनीकरण करून ती त्यांनी जपलेली आहे. एके दिवशी ते म्हणाले, “साहेब, मुदत ठेव मोडायची आहे. इंजिनाचं काम निघालंय.” गाडी निळसर धूर सोडीत होती, तेल कमी होत होते, आणि मेकॅनिकने रिंगा गेल्याचे सांगितले होते. वाहनकर्जाच्या कामामुळे गॅरेजवाल्यांशी माझा नित्य संबंध येतो, म्हणून सहज विचारले, “काका, तेल बघता तेव्हा गाडी कुठं उभी असते?” उत्तर आले, “घरासमोरच्या उतारावर.”

पट्टी चेंबरच्या एका ठरावीक जागी उतरते. गाडी कललेली असली की तेल त्या जागेपासून सरकते किंवा तेथेच जमा होते. काकांना उतारावर पातळी किमान खुणेखाली दिसे, म्हणून ते दर वेळी थोडे तेल घालीत. सपाट जागी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनात पाहिले तेव्हा तेल कमाल खुणेच्या बरेच वर होते. पातळी इतकी वाढली की फिरता क्रँकशाफ्ट तेलात आपटतो, तेलाला फेस येतो, ते श्वासनळीवाटे एअर फिल्टरकडे ओढले जाऊन जळते आणि निळा धूर निघतो. म्हणजे ज्या धुरावरून रिंगा गेल्याचे निदान झाले, तो धूर जादा तेलाचाही असू शकत होता! तळाचा नट सैल करून जादा तेल काढण्यात आले. धूर काही दिवसांत थांबला. पातळी त्यानंतरही किंचित उतरत राहिली. टॅपेट कव्हरचे गॅस्केट ओले आढळले व ते बदलले. ठेव मोडावी लागली नाही.

पट्टी वाचण्याविषयी थोडेसे. पहिल्या वेळी ओढलेली पट्टी केवळ पुसावयाची असते, कारण नळीच्या आतील बाजूस चिकटलेले तेल तिला लागते. पुसून ती पूर्ण तळापर्यंत बसवावी. अर्धवट बसलेली पट्टी तेल कमी असल्याचे दाखविते. दोन बाजूंना वेगवेगळ्या खुणा दिसल्यास कमी दाखविणारी बाजू ग्राह्य धरावी. नवे तेल पारदर्शक असल्याने दिसत नाही, तेव्हा पट्टी पांढऱ्या कागदावर टेकवून ओल कोठवर उमटते ते पाहावे. जुन्या गाडीत पट्टी दुसऱ्याच मॉडेलची निघणे हेही मी पाहिले आहे. शंका असल्यास पुस्तिकेतील मापाइतके तेल मोजून भरावे आणि इंजिन एकदा चालवून, तेल खाली उतरल्यावर पट्टीवर ते कोठे येते ते तपासावे.

एवढे करून महिनाभर, त्याच जागी, त्याच वेळी घेतलेल्या नोंदी किलोमीटरसह वहीत लिहाव्यात. हजार किलोमीटरमागे किती तेल लागले, हा आकडा मेकॅनिकला खरोखर उपयोगी पडतो.

तेल न घालता पातळी वाढत असेल, तर मात्र वहीची वाट पाहू नये. यांत्रिक इंधनपंप असलेल्या गाडीत पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल तेलात झिरपते. पट्टीला पेट्रोलचा वास येतो आणि तेल पातळ लागते. तेल दुधाळ झाले असेल, तर त्यात पाणी शिरल्याची शक्यता धरावी व हेड गॅस्केट तपासून घ्यावे. या दोन्ही अवस्थांत गाडी चालवू नये. आणि डॅशबोर्डवरील तांबडा दिवा पातळी दाखवीत नाही, दाब दाखवितो. एखाद्या वळणावर तो क्षणभर लागला, तरी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि सपाट जागी तेल पाहिल्यावाचून पुढे निघू नये.