अपूर्ण बाह्यकाम आणि भोगवटा प्रमाणपत्र : एक अभ्यास

जबलपूर शहरातील मदन महल हा परिसर टेकडीवरील गोंडकालीन किल्ल्यामुळे प्रसिद्ध आहे. किल्ल्याजवळच एका मोठ्या खडकावर अगदी थोड्या आधाराने टेकलेली 'संतुलित शिळा' आहे. २२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूर परिसराला भूकंपाचा तीव्र धक्का बसला. शिळा जागची हलली नाही; परंतु शहरातील व आसपासच्या खेड्यांतील असंख्य घरांना तडे गेले, अनेक कोसळली आणि तीसहून अधिक माणसे दगावली. शहरात तळमजला मोकळा ठेवलेल्या काही बहुमजली इमारतींच्या खांबांना गंभीर इजा झाली. त्यांचे बाह्यरूप पूर्ण होते; उणीव रचनेत होती. घराची सुरक्षितता बाहेरच्या सफाईवरून ठरत नाही, हा या घटनेचा धडा होय.

यातूनच प्रशासनापुढील एक नेहमीचा प्रश्न उभा राहतो. घर राहण्यायोग्य झाले आहे, पण बाहेरचा गिलावा, सज्जाचा कठडा किंवा कुंपणभिंत बाकी आहे. अशा घराला वापराची परवानगी द्यावी काय?

दोन प्रमाणपत्रांतील भेद

विद्यार्थ्यांनी प्रथम दोन संज्ञांतील फरक लक्षात घ्यावा. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार 'पूर्णत्व प्रमाणपत्र' म्हणजे प्रकल्प मंजूर आराखडा व विनिर्देशांप्रमाणे विकसित झाल्याचा दाखला. तर 'भोगवटा प्रमाणपत्र' म्हणजे पाणी, स्वच्छता, वीज यांसारख्या नागरी सुविधांची तरतूद असलेल्या इमारतीच्या वापरास दिलेली परवानगी. पहिल्याचा भर कामाच्या पूर्ततेवर, दुसऱ्याचा वास्तव्याच्या योग्यतेवर आहे.

स्वतःच्या भूखंडावर स्वतःसाठी बांधलेले घर सामान्यतः या अधिनियमाच्या नोंदणीकक्षेत येत नाही. तेथे स्थानिक कायदे लागू होतात. जबलपूरमध्ये मध्य प्रदेश महानगरपालिका अधिनियम, १९५६ आणि १९८४ च्या नियमांची जागा घेणारे मध्य प्रदेश भूमी विकास नियम, २०१२ हा त्याचा आधार आहे. महाराष्ट्रात बृहन्मुंबई व अन्य काही अपवाद वगळता २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू असून तिच्यात अंशतः भोगवटा प्रमाणपत्राचीही सोय आहे.

तपासणीचे अर्थशास्त्र

तपासणीची गरज माहितीच्या विषमतेतून निर्माण होते. काँक्रीटखाली कोणत्या जाडीच्या सळ्या आहेत, हे बांधणाऱ्याला ठाऊक असते. पुढे घर घेणाऱ्याला किंवा भाडेकरूला ते दिसत नाही. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणाने दाखविले की, अशा स्थितीत निकृष्ट वस्तू चांगल्या वस्तूला बाजारातून हुसकावते. सार्वजनिक तपासणी ही उणीव काही अंशी भरून काढते. दुसरे कारण बाह्य परिणामांचे आहे. कठडा नसलेल्या गच्चीचा धोका केवळ मालकापुरता राहत नाही. तो पाहुण्याला व शेजारच्या मुलालाही असतो.

या दोन कसोट्यांवर अपूर्ण बाह्यकामांचे तीन वर्ग पाडता येतात.

१. सुरक्षिततेशी निगडित : गच्ची व सज्जाचा कठडा, बाहेरचा जिना. राष्ट्रीय बांधकाम संहितेत कठड्याची उंची किमान १ मीटर सांगितली आहे. येथे सवलत देणे अयोग्य ठरते.

२. सार्वजनिक हिताशी निगडित : पर्जन्यजल संचयाची व्यवस्था, सांडपाण्याचा निचरा. मध्य प्रदेशात १४० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील इमारतींना छतावरील पर्जन्यजल संचय बंधनकारक आहे.

३. मालकाच्या सोयीशी वा अभिरुचीशी निगडित : रंग, शोभेची दगडी फरशी, बागेची आखणी. यांसाठी वास्तव्य अडवून ठेवण्याचे सबळ कारण नाही.

बाहेरचा गिलावा सीमारेषेवर येतो. त्याच्या अभावी इमारत लगेच पडत नाही. पण भिंतीत ओल मुरते व काळाच्या ओघात सळ्या गंजू शकतात. म्हणून येथे नकारापेक्षा मुदतबंद अट अधिक उपयुक्त ठरते.

विलंबाची किंमत

समजा, मदन महल परिसरातील एका कुटुंबाचे घर जूनच्या आरंभी तयार झाले, केवळ बाहेरचा गिलावा राहिला. पावसाळ्यात ते काम नीट होत नाही. ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागते. कुटुंब दरमहा ९,००० रुपये भाडे भरते. चार महिन्यांच्या विलंबाचा खर्च ३६,००० रुपये होईल. येथे अनेक विद्यार्थी गृहकर्जाचे व्याजही या खर्चात मिळवतात, ते चूक आहे. व्याज दोन्ही पर्यायांत भरावेच लागते. टाळता येणारा खर्च भाड्याचाच. ज्या रकमेतून गिलावा व्हायचा, तीच भाड्यात जाते आणि नियमाचा हेतू नियमामुळेच मागे पडतो.

यावर अनामत रकमेचा मार्ग आहे. मध्य प्रदेशात बांधकाम परवानगीच्या वेळी पर्जन्यजल संचयासाठी अनामत घेऊन काम झाल्यावर ती परत करण्याची पद्धत आहे. हेच तत्त्व गिलाव्यालाही लावता येईल. अनामत कामाच्या खर्चापेक्षा फार कमी असल्यास मालक ती सोडून देतो. फार जास्त असल्यास गरीब कुटुंब प्रमाणपत्राच्या वाटेलाच जात नाही.

प्रमाणपत्राविना वास्तव्य

प्रमाणपत्र न घेता राहण्याची किंमत मोठी आहे. मुंबईतील समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या रहिवाशांना १९९७ मध्ये ताबा मिळाला. भोगवटा प्रमाणपत्र नसल्याने त्यांना २५ टक्के अधिक मालमत्ता कर व ५० टक्के अधिक पाणीपट्टी भरावी लागली. ते न मिळविणे ही विकासकाकडून सतत घडणारी कर्तव्यच्युती आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी दिला. पुढे १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने वीज, पाणी व मलनिस्सारणाची जोडणी पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्यावी, तसेच बँकांनी इमारत तारण घेताना त्याची खातरजमा करावी, असे निर्देश दिले.

कायद्याचा फास असा घट्ट होत असताना 'अपूर्ण' आणि 'मंजुरीबाह्य' यांतील भेद अधिकच महत्त्वाचा ठरतो. गिलावा राहणे ही काळाने भरून निघणारी उणीव आहे. मंजूर नसलेला मजला चढविणे हे उल्लंघन आहे. दोहोंना एकच मोजमाप लावल्यास प्रामाणिक मालक भरडला जातो आणि तपासनिसाच्या मर्जीला अवास्तव मोल येते. कोणत्या कामाविना परवानगी नाही आणि कोणते काम किती मुदतीत पुरे करायचे, याची लेखी सूची आधीच जाहीर करणे, हाच त्यावरील स्वस्त व परिणामकारक उपाय होय.

सरावासाठी प्रश्न

१. पूर्णत्व प्रमाणपत्र व भोगवटा प्रमाणपत्र यांतील फरक स्पष्ट करा.
२. माहितीची विषमता व बाह्य परिणाम या संकल्पनांच्या आधारे इमारत तपासणीचे समर्थन करा.
३. 'नियमाची कठोरता वाढली की अनुपालन वाढतेच असे नाही.' उदाहरणासह चर्चा करा.