नेतृत्वपदाच्या मुलाखतीची तयारी

प्रस्तावना

नोकरीची पहिली मुलाखत बहुधा ज्ञानाची परीक्षा असते. उमेदवाराला काय येते, किती येते, हे तेथे पाहिले जाते. आठ-दहा वर्षे काम केल्यानंतर त्याच क्षेत्रात गटप्रमुख, व्यवस्थापक किंवा संचालक या पदासाठी मुलाखत देण्याची वेळ येते, तेव्हा मात्र प्रश्नांचा रोख बदलतो. 'तुम्हाला काय येते?' याऐवजी 'तुम्ही काय केले, आणि ते तसेच का केले?' असे विचारले जाते. पुणे, बंगळुरू, हैदराबाद येथील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत काम करणाऱ्या अनेक गुणी माणसांना हा बदल वेळीच लक्षात येत नाही. ज्याने काम केले तो मागे राहतो आणि ज्याला सांगता आले तो पुढे जातो. यात अन्याय आहे. पण तो काही अंशी तयारीने दूर करता येतो. ती तयारी कशी करावी, हे या पाठात पाहावयाचे आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला नेतृत्वपदाच्या मुलाखतीचे स्वरूप सांगता येईल, स्वतःच्या कामातील एखादा प्रसंग नेमक्या शब्दांत मांडता येईल, तसेच 'मी' आणि 'आम्ही' या दोन सर्वनामांचा प्रामाणिक वापर कसा करावा, हे स्पष्ट करता येईल.

पाठ

दोन मुलाखती

सन १९९२ मध्ये हैदराबादचा एक तरुण अभियंता अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट कंपनीत मुलाखतीसाठी गेला होता. तांत्रिक प्रश्न झाल्यावर शेवटच्या मुलाखतकाराने त्याला विचारले, की रस्त्यात एक लहान मूल पडून रडत असेल, तर तुम्ही काय कराल? तरुणाने फारसा विचार न करता सांगितले, की आपत्कालीन सेवेला फोन करीन. मुलाखतकार उठला, त्याला दारापर्यंत सोडायला गेला आणि म्हणाला, की आधी त्या मुलाला उचलून घ्यायचे असते. तो तरुण म्हणजे सत्या नडेला. नोकरी त्याला मिळाली, आणि २०१४ मध्ये तो त्याच कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'हिट रिफ्रेश' या पुस्तकात नडेला यांनी हा प्रसंग स्वतःच सांगितला आहे. त्यांचे उत्तर नियमाला धरून होते. फक्त त्यात माणूस नव्हता.

दुसरा प्रसंग १ एप्रिल २००४ चा. त्या दिवशी सुंदर पिचाई यांची गूगल कंपनीत मुलाखत होती आणि नेमक्या त्याच दिवशी गूगलने जीमेल ही सेवा जाहीर केली होती. एकामागून एक मुलाखतकार त्यांना जीमेलविषयी मत विचारू लागले. पिचाई यांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटत होती. सेवा त्यांनी पाहिलीच नव्हती. चौथ्या मुलाखतकाराने 'तुम्ही ती पाहिली आहे का?' असे विचारले, तेव्हा त्यांनी 'नाही' असे सांगितले. मग त्याने ती त्यांना दाखवली, आणि पाचव्या मुलाखतकाराला पिचाई नीट उत्तर देऊ शकले. जानेवारी २०१७ मध्ये खरगपूरच्या आयआयटीत विद्यार्थ्यांशी बोलताना त्यांनी ही हकीकत सांगितली. न पाहिलेल्या वस्तूविषयी ठाम मत देण्याचा मोह अशा वेळी फार मोठा असतो, आणि अनुभवी मुलाखतकाराला तो मोह लगेच ओळखू येतो.

मुलाखतीचे स्वरूप

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांत अशा पदासाठी एकच मुलाखत क्वचित होते. प्रथम दूरध्वनीवर बोलणे होते. नंतर चार ते सहा जण, प्रत्येकी पाऊण तास ते एक तास, वेगवेगळ्या बाजूंनी प्रश्न विचारतात. २०२० नंतर यांतील बऱ्याच फेऱ्या व्हिडिओ कॉलवर होऊ लागल्या. प्रत्येक मुलाखतकार आपले मत लिहून ठेवतो आणि मग सर्व मिळून निर्णय घेतात. ॲमेझॉनमध्ये तर नेतृत्वाची तत्त्वेच लिहून ठेवलेली आहेत. आधी ती १४ होती, २०२१ मध्ये १६ झाली. कोणी कोणत्या तत्त्वांवर प्रश्न विचारायचे, हे मुलाखतकारांमध्ये वाटून दिलेले असते. त्यांच्यात एक जण त्या विभागाबाहेरचा असतो. पद भरण्याच्या घाईत कसोटी ढिली होऊ नये, हे पाहणे त्याचे काम.

ही पद्धत हौसेने आलेली नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. सर्व उमेदवारांना ठरावीक प्रश्न विचारून ठरावीक निकषांवर गुण देणारी मुलाखत, मनाला येईल ते विचारणाऱ्या मुलाखतीपेक्षा अधिक विश्वसनीय ठरते, असे त्यात दिसून आले. २०२२ मध्ये झालेल्या फेरतपासणीतही अशा नियोजित मुलाखतीचे स्थान वरचेच राहिले. म्हणून 'मुलाखत म्हणजे नशीब' ही समजूत तेवढीशी खरी नाही.

गूगलने २००८-०९ च्या सुमारास आपल्याच व्यवस्थापकांचा अभ्यास करून चांगल्या व्यवस्थापकाची आठ लक्षणे काढली. सहकाऱ्यांना घडवता येणे हे त्यांत पहिले होते. तांत्रिक कौशल्याचा क्रमांक आठवा, म्हणजे शेवटचा होता. अर्थात शेवटचा म्हणजे अनावश्यक नव्हे. नेतृत्वपदाच्या उमेदवारालाही तांत्रिक प्रश्न विचारले जातात. उदाहरणार्थ, रेल्वेचे वातानुकूलित वर्गाचे तत्काळ आरक्षण सकाळी १० वाजता उघडते आणि त्या क्षणी लाखो लोक एकदम येतात. अशी प्रणाली कशी उभाराल? येथे कोडच्या ओळींपेक्षा निवड पाहिली जाते. सर्वांना रांगेत उभे करायचे की काहींना परत पाठवायचे, एकच आसन दोघांना जाऊ नये म्हणून किती वेग सोडायचा, हे उमेदवाराला कारणांसह सांगता आले पाहिजे.

प्रसंग सांगण्याची रीत

'कठीण निर्णय घेतल्याचा एखादा प्रसंग सांगा', 'वरिष्ठांशी मतभेद झाला तेव्हा काय केले?', 'तुमची एखादी फसलेली योजना सांगा' असे प्रश्न या मुलाखतींत हमखास येतात. उत्तरासाठी 'स्टार' नावाची एक रीत सर्वत्र शिकवली जाते. प्रसंग, काम, कृती आणि निष्पत्ती या चार पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव आले आहे. रीत उपयुक्त आहे, पण ती केवळ चौकट आहे. चौकटीत काय भरायचे, हा खरा प्रश्न.

समजा, एक स्त्री बँकांसाठी संगणकप्रणाली तयार करणाऱ्या कंपनीत सात जणांच्या गटाची प्रमुख आहे. महिनाअखेरीच्या रात्री पगार जमा करणारी प्रणाली बंद पडली. मुलाखतीत ती म्हणते, "आमच्या टीमने खूप मेहनत घेतली. आम्ही रात्रभर जागलो आणि सकाळपर्यंत सगळे सुरळीत केले." यात खोटे काही नाही. पण मुलाखतकाराला लिहून घेण्यासारखेही काही नाही. हेच वाक्य त्या रात्री गटातील कोणीही म्हणू शकला असता.

आता तीच हकीकत दुसऱ्या रीतीने ऐकावी. "रात्री एक वाजता प्रणाली थांबली. आदल्या दिवशी बसवलेल्या नव्या आवृत्तीत दोष होता. ती लिहिणारा सहकारी म्हणत होता, की अर्ध्या तासात दोष सापडेल. त्याच्या कौशल्यावर माझा विश्वास होता. पण सकाळी सातच्या आत पगार जमा व्हायचे होते. म्हणून मी दोष शोधणे थांबवले आणि जुनी आवृत्ती परत बसवायला सांगितले. बँकेच्या अधिकाऱ्यांना फोन मी स्वतः केला. पहाटे चारला काम सुरू झाले. महिनाअखेरीला नवी आवृत्ती बसवण्याची परवानगी मीच दिली होती. ती द्यायला नको होती. त्यानंतर महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत कोणताही बदल करायचा नाही, असा नियम मी केला. पुढच्या सहा महिन्यांत महिनाअखेरीला प्रणाली एकदाही थांबली नाही."

या उत्तरात वेळ आहे, पर्याय आहेत, निर्णय आहे, त्याचे कारण आहे. चुकीचा वाटाही स्वतःकडे घेतला आहे. पण मुलाखत येथे संपत नाही. जाणता मुलाखतकार हमखास पुढचा प्रश्न विचारतो: "त्या सहकाऱ्याचे पुढे काय झाले?" पाठ केलेले उत्तर येथे तुटते. जिने त्या मुलाला दुसऱ्या दिवशी बाजूला बोलावून दोष त्याच्याच हातून शोधून घेतला असेल, तिला हे सांगताना अडखळावे लागत नाही. जिला त्याचे पुढे काय झाले हे आठवतच नाही, तिला नेतृत्व म्हणजे काय, हे मुलाखतीच्या आदल्या रात्री शिकता येणार नाही.

'मी' आणि 'आम्ही'

मराठी घरांत वाढलेल्या माणसाला स्वतःविषयी बोलणे जड जाते. समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'त आत्मस्तुती ही मूर्खाच्या लक्षणांत गणली आहे, आणि तो संस्कार ग्रंथ न वाचलेल्यांपर्यंतही पोहोचलेला आहे. त्यामुळे उमेदवार 'आम्ही' या शब्दाच्या आड उभा राहतो. मुलाखतकार मात्र त्या 'आम्ही'चे भाग करू पाहत असतो. निर्णय कोणाचा? जोखीम कोणाची? उलट काही जण गटाचे सारे यश 'मी' या एका शब्दात गुंडाळतात. त्यांचे पितळ दोन उपप्रश्नांत उघडे पडते.

स्तुती आणि साक्ष यांत फरक आहे. 'मी उत्तम नेता आहे' ही स्तुती झाली. 'त्या रात्री मी अमुक ठरवले, कल्पना मात्र माझ्या सहकारिणीची होती' ही साक्ष झाली. साक्ष देताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

घरची तयारी

तयारीचा मोठा भाग वहीत होतो. गेल्या पाच वर्षांतील आठ-दहा प्रसंग आठवून लिहावेत: मतभेदाचा, अपयशाचा, एखाद्याला कामावरून कमी करावे लागल्याचा, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेतल्याचा. आकडे आठवत नसतील तर जुन्या सहकाऱ्यांना विचारून घ्यावेत. अंदाजाने सांगू नयेत. ग्राहकांची नावे आणि आधीच्या कंपनीची गुपिते उत्तरांत येता कामा नयेत. जो जुन्या घरची गुपिते सांगतो, तो नव्या घरचीही सांगेल, हे ऐकणाऱ्याला कळते.

मुलाखत बहुधा इंग्रजीत होते. तरी प्रसंग आधी मराठीत लिहून काढणे हिताचे, कारण आपल्या भाषेत लिहिताना मनातील खरे कारण लपून राहत नाही. त्यानंतर ते इंग्रजीत, साध्या लहान वाक्यांत, मोठ्याने सांगून पाहावे. ऐकायला घरातील कोणी चालेल. तंत्रज्ञान न कळणारे असेल तर अधिक चांगले. एका प्रसंगाला तीन-चार मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल, तर काहीतरी गाळायचे राहिले आहे.

ज्यांचे शिक्षण मध्येच थांबले, किंवा नोकरी सांभाळून मुक्त विद्यालयातून पुरे झाले, त्यांना एक धास्ती असते: 'ही वर्षे कोठे गेली?' असा प्रश्न आला तर? उत्तर सरळ द्यावे. घरची अडचण, कामावर लागल्याचे वर्ष, परीक्षा दिल्याचे वर्ष, एवढे पुरे. कंपन्या नेमणुकीपूर्वी कागदपत्रे पडताळून पाहतात. झाकलेले वर्ष तेथे उघडे पडते आणि खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास घेऊन जाते.

शेवटी उमेदवाराला प्रश्न विचारण्याची संधी मिळते. पगाराची बोलणी येथे बहुधा करू नयेत. ती नंतर होतात. या पदावर आधी कोण होते आणि त्यांनी ते का सोडले, पहिल्या सहा महिन्यांत काय घडले तर ही नेमणूक योग्य ठरली असे मानले जाईल, हे विचारावे. उत्तर देताना मुलाखतकार घुटमळला, तर तीही माहितीच असते.

शब्दार्थ

रोख – दिशा, कल
निकष – कसोटी, मोजमापाचे प्रमाण
निष्पत्ती – परिणाम, फळ
आत्मस्तुती – स्वतःची प्रशंसा
पितळ उघडे पडणे – खरे स्वरूप बाहेर येणे
घुटमळणे – बोलताना वा वागताना अडखळणे

स्वाध्याय

१. नडेला यांचे उत्तर नियमाला धरून असूनही अपुरे का ठरले, ते आपल्या शब्दांत लिहा.

२. गटप्रमुख स्त्रीच्या दुसऱ्या उत्तरातील कोणती दोन वाक्ये गाळली, तर ते उत्तर पुन्हा पहिल्यासारखे होईल? सकारण सांगा.

३. 'स्तुती' आणि 'साक्ष' यांतील फरक दाखवणारी प्रत्येकी दोन वाक्ये तयार करा.

४. आपल्या कामातील, घरातील किंवा गावातील असा एक प्रसंग निवडा, की ज्यात निर्णय आपण घेतला होता. तो दीडशे शब्दांत लिहा. लिहून झाल्यावर 'आम्ही' हा शब्द जेथे जेथे आला असेल त्याखाली रेघ ओढा आणि त्या प्रत्येक ठिकाणी नेमके कोणी काय केले, ते समासात नोंदवा.

५. लिहिलेला प्रसंग त्या वेळी हजर असलेल्या एका व्यक्तीला वाचून दाखवा. त्या व्यक्तीने सुचवलेल्या दुरुस्त्या प्रसंगाखाली लिहा.