कर्नलला कात्री लावण्याआधी

पोरी, फ्लॅश भरत आली म्हणून कर्नलमध्ये हॅश-इफ घालायला बसली असशील, तर आधी मोज. बिल्ड झाली की साइझ कमांड चालव. टेक्स्ट फ्लॅशमध्ये बसतं, बीएसएस रॅममध्ये. डेटा मात्र दोन्हीकडे जागा खातो, कारण त्याच्या सुरुवातीच्या किमती फ्लॅशमध्ये ठेवाव्या लागतात. मग मॅप फाइल उघड आणि सगळ्यात मोठ्या नोंदीपासून खाली वाचत ये. फ्री-आरटीओएसचा कर्नल साधारण 6 ते 12 केबीत मावतो. 64 केबीच्या चिपवर जागा संपली, तर चोर बहुधा दुसऱ्याच घरात असतो: फ्लोट छापणारं प्रिंटएफ, लॉगची लांबलचक वाक्यं, कुणी विसरलेला फाँट. आधी तिकडे बघ.

लिंकरचं काम स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस. जीसीसीला फंक्शन-सेक्शन्स आणि लिंकरला जीसी-सेक्शन्स सांगितलं, की कुणीच न बोलावलेलं फंक्शन आपोआप गळतं. त्याच्याभोवती हॅश-इफचं कुंपण घालून एक बाइटही जास्त वाचत नाही, वाचणाऱ्याचे डोळे तेवढे शिणतात. लिंकरचा हात पोचत नाही तो स्ट्रक्चरच्या आत आणि फंक्शनच्या पोटात. फ्री-आरटीओएसमध्ये म्यूटेक्स चालू केले की प्रत्येक टास्कच्या कंट्रोल ब्लॉकमध्ये दोन आकडे वाढतात: टास्कची मूळ प्रायॉरिटी आणि तिने धरलेल्या म्यूटेक्सची संख्या. 32 बिटी चिपवर ते टास्कमागे 8 बाइट रॅम खातात. हॅश-इफ वापरायचं ते अशा जागी.

आणि तिथेच जपायचं. कॉन्फिग फाइलमधला असा स्विच बदलला की स्ट्रक्चरचा आकार बदलतो. कर्नलची लायब्ररी जुन्या कॉन्फिगने बांधलेली आणि तुझं ॲप्लिकेशन नव्या, तर दोघांचे हिशेब जुळत नाहीत, आणि कंपायलर किंवा लिंकर चकार शब्द काढत नाही. कॉन्फिग फाइलला हात लागला की सगळं पुसून नव्याने बिल्ड कर.

नावावरून स्विचची पारख करू नकोस. इन्क्लूड-व्ही-टास्क-सस्पेंडचंच घे. टास्क सस्पेंड करायची नाही, तर शून्य करून टाकू, असं कुणालाही वाटेल. पण पोर्ट-मॅक्स-डिले देऊन क्यूवर ‘येईल तेव्हा येऊ दे’ म्हणत थांबणारी टास्क याच स्विचच्या आधारावर थांबलेली असते. तो बंद केला की ती अमर्याद वाट नुसती लांबलचक मुदत होते. 32 बिटी टिक, सेकंदाला 1000 टिक, तर टास्क सुमारे 49 दिवसांनी रिकाम्या हाताने परत येते. टिक 16 बिटी असेल तर 65 सेकंदांत! म्हणून स्विच बंद करण्याआधी टास्क्स आणि क्यूच्या सोर्समध्ये ते नाव शोध आणि जिथे जिथे सापडेल ती प्रत्येक ओळ वाच. अर्धा तास जाईल, जाऊ दे.

हॅश-इफमध्ये नावाचं एखादं अक्षर चुकलं तर प्रीप्रोसेसर त्याला मुकाट शून्य मानतो. उलट, हॅश-इफडेफला किमतीशी देणंघेणं नाही. शून्य दिलेला स्विचही त्याच्या लेखी चालूच. एका प्रकल्पात एकच पद्धत ठेव, प्रत्येक स्विचला कायम 0 किंवा 1 दे, आणि डब्ल्यू-अनडेफ ही वॉर्निंग चालू करून तिला एररचा दर्जा दे.

लिनक्सवाल्यांकडून एक गोष्ट जरूर उचल. सी फाइलच्या मधोमध हॅश-इफ नको, असं त्यांच्या कोडिंग स्टाइलमध्येच लिहिलंय. जमेल तिथे ते साध्या इफमध्ये इझ-एनेबल्ड हा मॅक्रो वापरतात. स्विच बंद असला तरी आतला कोड कंपायलर वाचतो, चुका दाखवतो आणि मगच टाकून देतो. हॅश-इफने झाकलेला कोड मात्र कुणी बघत नाही, तो आतल्या आत कुजतो. फक्त स्विचमुळे नाहीसा होणारा स्ट्रक्चरचा सदस्य अशा इफमध्ये वापरता येत नाही. तिथे हॅश-इफला पर्याय नाही.

दहा स्वतंत्र स्विच म्हणजे 1024 कर्नल, आणि ते सगळे तपासणं कुणाच्याच हातून होत नाही. जे कॉन्फिग ग्राहकाकडे जाणार, त्यावरच टेस्ट चालव. असर्ट चालू ठेवून पास झालेली बिल्ड आणि असर्ट काढलेली बिल्ड एक नव्हे. बाकीची कॉन्फिग निदान रात्रीतून कंपाइल होऊ देत. नवा स्विच घालशील तेव्हा आधीचा आणि नंतरचा आकार कमिटमध्ये लिही. फरक पाच-पंचवीस बाइटांचा निघाला आणि तेवढ्यावाचून अडत नसेल, तर तो स्विच त्याच दिवशी काढून टाक.